मदत हवी आहे: एच-१बी आणि बंदूक, नियम नेमका कसा लागू होतो?

अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांवर वाद निघाला की "तिथे कोणीही बंदूक घेतो" असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्ट या केंद्रीय कायद्यातल्या कलम 922(जी)(5) प्रमाणे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूकच काय, एक काडतूस बाळगणंही गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. मुख्य अपवाद शिकारीच्या परवान्याचा. कोणत्याही राज्याचा चालतो, पण मुदत संपली की बंदी पुन्हा लागू. दुकानात बंदूक घेताना भराव्या लागणाऱ्या 4473 फॉर्मवर व्हिसाचा हा प्रश्न असतोच, परवान्याची प्रतही जोडावी लागते.

जाणकारांनी कृपया सांगावं: नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणं हेही "बाळगणं" ठरतं का? टेक्सास आणि न्यू जर्सीत रेंजवाले व्हिसा तपासतात का? चूक झाली तर थेट व्हिसावर गदा येते, म्हणून कायद्याच्या आधारासह उत्तर हवं आहे.