इटलीचा किनारा: गाडी घ्यायची की ट्रेन-बस? आपापले अनुभव लिहा

इटलीच्या किनाऱ्यावर चार-पाच दिवस जायचं ठरलं की घरात हमखास वाद होतो: गाडी भाड्याने घ्यायची की नाही? दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे नातेवाईक असतात आणि दोघेही खरंच सांगत असतात, कारण एक वायव्येच्या लिगुरियाला जाऊन आलेला असतो आणि दुसरा सार्डिनिया बेटावर. लिगुरियात डोंगर पोखरून रेल्वे समुद्रालगत नेली आहे. दक्षिणेला नेपल्सजवळच्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर, सोरेंतो ते सालेर्नो, रेल्वेच नाही. सार्डिनियातल्या कित्येक सुंदर पुळणींपर्यंत बस जात नाही. म्हणून नुसतं 'घ्या' किंवा 'घेऊ नका' लिहू नका. कुठला किनारा, कुठला महिना, मुक्काम कुठे, सोबत कोण, हेही सांगा. दुसऱ्याला त्यावरूनच ठरवता येतं.

सुरुवात मी करते.

चिंक्वे तेर्रे, मे महिना, आई-बाबांसोबत

चिंक्वे तेर्रे म्हणजे लिगुरियातली समुद्रालगतची पाच गावं. आम्ही जवळच्या ला स्पेत्सिया शहरात राहिलो आणि गाडीचा विचारही केला नाही. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाचही गावं ला स्पेत्सिया ते लेवांतो या एका रेल्वेमार्गावर आहेत. दोन गावांमधलं अंतर ट्रेनने काही मिनिटांचं. आम्ही रत्नागिरीचे. कोकण रेल्वेतून समुद्र फारसा दिसत नाही, ती आतून जाते. इथे बोगदा संपला की खिडकीला लागूनच पाणी. बाबा प्रत्येक बोगद्यानंतर आईला हाक मारून दाखवत होते.

गाडी नेऊन करणार काय, हाही प्रश्न आहे. या गावांच्या आत बाहेरच्यांच्या गाड्यांना प्रवेश नाही. गाडी असेलच तर ती ला स्पेत्सियात ठेवून ट्रेनच पकडायची.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी कोर्निल्याची माहिती आधी घ्या. स्टेशन खाली, गाव वर कड्यावर, आणि मध्ये तीनशेऐंशीच्या आसपास पायऱ्यांचा जिना. स्टेशनवरून छोटी बस वर जाते आणि राष्ट्रीय उद्यानाच्या चिंक्वे तेर्रे कार्डात तिचं भाडं येतं. ज्या कार्डात ट्रेनही आहे तेच घ्या. सकाळी दहानंतर फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आम्ही साडेसातला निघायचो आणि दुपारी परत येऊन आई-बाबा झोपायचे. गाडी पार्क करायची चिंता असती तर दुपारची ही झोप जमली नसती.

म्युनिकहून

ताई, लिगुरियाबद्दल सहमत. तरी आम्ही दर उन्हाळ्यात स्वतःची गाडी घेऊन आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून उतरतो, कारण दोन लहान मुलं, तंबू, कुकर आणि तांदूळ हे सगळं ट्रेनमध्ये चढवणं शक्य नाही. आम्ही एड्रियाटिक, म्हणजे पूर्वेच्या समुद्राच्या बाजूला राहतो. तिथला किनारा सपाट, रस्ते रुंद आणि कॅम्पिंगमध्येच पार्किंग.

भारतातून येऊन गाडी घेणाऱ्यांना काही गोष्टी कळकळीने सांगतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघतानाच काढा आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच मागा, तिथे बहुतेक गाड्या गिअरच्या असतात. टोलनाक्यावर ज्या रांगेवर फक्त पिवळा 'टेलीपास' लिहिलेला असेल तिथे घुसू नका, ती आपल्या फास्टॅगसारखा टॅग असणाऱ्यांची. पार्किंगच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे बहुधा फुकट, पिवळ्या म्हणजे राखीव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झेडटीएल, गाड्यांना मर्यादित प्रवेश असलेला भाग. जुन्या गावठाणात ठरावीक वेळी परवान्याविना गाडी न्यायची नाही, असा नियम असतो. तिथे पोलीस उभा नसतो, कॅमेरा असतो. दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते आणि भाड्याची गाडी असेल तर कंपनी तुमचा पत्ता कळवण्याचं शुल्क वेगळं लावते. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर गाडीचा नंबर आधी कळवून परवानगी मागा.

अमाल्फी, जुलै, आम्ही चौघी मैत्रिणी (पुणे)

आम्ही सोरेंतोला राहून बसने फिरलो. रस्ता अप्रतिम आहे, पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. समोरून बस आली की गाडीवाल्याला मागे घ्यावी लागते. मी स्वतः ताम्हिणी घाटातून नेहमी गाडी चालवते, तरीही इथे मागच्या सीटवरच बरं वाटलं. शिवाय 2022 पासून गर्दीच्या दिवसांत या रस्त्यावर नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे सम-विषमचा नियम असतो. भाड्याच्या गाडीचा नंबर कोणता मिळेल हे आधी कुठे माहीत असतं?

बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात, म्हणजे 'तबाक्की'त आधीच घ्यायचं. सोरेंतोहून अमाल्फीकडे जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्याच बाजूला. पण जुलैत पोझितानोच्या थांब्यावर बस भरून येते आणि न थांबता निघून जाते. आम्ही उन्हात तासभर उभ्या होतो, एकीला चक्कर आली. दुसऱ्या दिवसापासून बोट. बोट बसपेक्षा महाग आहे, पण उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्याने बोटीचे पैसे धरूनच हिशेब करावा. आणि समुद्रातून तो किनारा बघणं हाच मुळात त्या सहलीचा अर्थ आहे, असं मी म्हणेन.

आब्रुत्सो (पूर्व किनारा), सप्टेंबर

मी माणगावकडचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचा पुतळा बघत मोठा झालो. ते जुलै 1944 मध्ये इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. इटलीला जायचं ठरलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्री जिथे लढली तो मुलूख बघायचाच, हे मनात पक्कं होतं. नोव्हेंबर 1943 मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने पूर्व किनाऱ्यावरची सांग्रो नदी ओलांडली, त्यातही मराठा पलटण होती. तोरिनो दि सांग्रोजवळच्या टेकडीवर युद्धस्मशानभूमी आहे. तिथे अडीच हजारांहून जास्त कबरी आहेत आणि ज्यांचा दहनसंस्कार झाला त्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांच्या नावांचं वेगळं स्मारक आहे.

यासाठी आम्ही गाडी घेतली आणि ती घ्यावीच लागते, असं माझं मत. किनाऱ्यावरची मोठी गावं ट्रेनने होतात, टेकडीवरची अशी जागा नाही. शिवाय तिथे घड्याळ बघून परतायचं नव्हतं. एकेक नाव वाचत गेलो. आडनावं ओळखीची निघायला लागल्यावर बायको म्हणाली, आज दुसरं काही बघायला नको.

दुसऱ्या दिवशी मात्र गाडी उभीच ठेवली. ओर्तोना ते वास्तो या पट्ट्यातली जुनी रेल्वे 2005 मध्ये आत हलवली आणि मोकळ्या झालेल्या समुद्रालगतच्या मार्गावर आता सायकलवाट आहे. कडेला त्राबोक्की, म्हणजे लाकडी खांबांवर समुद्रात उभे केलेले मासेमारीचे माचे. कार की ट्रेन विचारताय, तर या किनाऱ्याला सायकल हे तिसरं उत्तर आहे.

पुल्या (इटलीची टाच), नाशिकहून

दोन्ही करा. बारी, पोलिन्यानो, मोनोपोली, लेच्चे हे सगळं मुख्य रेल्वेमार्गावर आहे, तिथे गाडी नुसती ओझं होते. गाडी लेच्चेहून पुढे घ्या, ओत्रांतो आणि सांता मारिया दि लेउकाच्या बाजूसाठी. आमची गाडी सहलीच्या शेवटच्या टप्प्यापुरतीच होती, त्यामुळे खर्च निम्म्यावर आला. आल्बेरोबेल्लोला रविवारी जाणार असाल तर वेळापत्रक नीट बघा. ती लाईन वेगळ्या कंपनीची आहे आणि रविवारी ट्रेनऐवजी बसवर भिस्त ठेवावी लागते.

मिलानमध्ये राहणारी

संपाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखा मिळतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. विमान गाठायच्या दिवशी संप असेल तर आदल्या रात्रीच शहरात या. आणि लोकल ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्या.

ठाण्याहून एक प्रश्न

सप्टेंबरअखेर आईला घेऊन अमाल्फीला जायचंय. आई 71 वर्षांची, चालते चांगली, पण घाटात बस लागते. गाडी मी चालवणार नाही. सोरेंतो की सालेर्नो?

उत्तर, आधीच्या अमाल्फीवालीकडून

सालेर्नो. रोमहून वेगवान ट्रेन थेट तिथे येते, सोरेंतोसारखं नेपल्सला उतरून गर्दीच्या लोकलमध्ये सामान चढवावं लागत नाही. स्टेशनपासून बोटीचा धक्का चालत काही मिनिटांवर आहे आणि बोट साधारण पस्तीस मिनिटांत अमाल्फीला लावते, घाट लागतच नाही. अमाल्फीच्या वर डोंगरावरच्या रावेल्लो गावाला मात्र वळणं आहेत, तिथे टॅक्सी करा आणि काकूंना पुढे बसवा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा, सप्टेंबरअखेर फेऱ्या कमी होत जातात. समुद्र खवळला तर बोट रद्द होते; तो दिवस पोम्पेईला द्या, सालेर्नोहून ट्रेन आहे.