येळवशीला डाएट मोडलं म्हणून कुणी बेजबाबदार होतं का?

तेरणाकाठ:
काल गटावर एका भाऊंनी लिहिलं, 'येळवशीला रानात जाऊन डाएट मोडणाऱ्यांनी वजन कमी करायचं नाव काढू नये. जिभेवर ताबा नसेल तर जिमचे पैसे भरू नका.' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहायलोय.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, वर्षातून एकदा येते. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, माठभर आंबील. तिथं डब्यातली उकडलेली मटकी काढून बसणारा माणूस मला तरी शिस्तीचा वाटत नाही, आगाऊ वाटतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. एका जेवणात तेवढं जास्तीचं कोण खातंय राव? दुसऱ्या दिवशी काटा वर गेलेला दिसतो ते बहुतेक पाणी असतं, चार दिवसांत उतरतं.

जबाबदारी बघायची तर रोजच्या फोडणीत बघा. मोठा चमचाभर तेलात 120 कॅलरी असतात. रोज दोन चमचे जास्तीचे पडले, तर महिनाकाठी कागदावर जवळजवळ एक किलो होतं. त्याबद्दल कुणी पोस्ट टाकत नाही. सणाला शिव्या घालणं सोपंय.

गोदाकाठचा_शिस्तवाला:
ती पोस्ट माझीच. 'वर्षातून एकदा' म्हणता, पुढचं कॅलेंडर बघा की. येळवस झाली की हुरडा, अन् हुरडा काय कोरडा खाता का? शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मग संक्रांतीची पोळी, मग लग्नसराई. आपल्याकडं 'एकच दिवस' मार्गशीर्षात सुरू होतो अन् आमरसावर संपतो. मी नको म्हणलं की सासुरवाडीचे तोंड फिरवतात. फिरवू द्या. शुगर माझी वाढते, त्यांची नाही.

माजलगावची_ताई:
दोघंही मजेत आहात. एकाला मजा पाहिजे, एकाला शिस्त, अन् चुलीपुढं कोण? आदल्या रात्री तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे सोलून सोलून नखं काळी पडतात. मग पहाटे उठून भज्जी घाटायची. अन् हे रानात येऊन म्हणणार, 'मला दोनच घास, डाएट चालूय.' दुसऱ्या दिवशी परत यांच्यासाठी बिनतेलाचं दोडकं वेगळं. तुमची जबाबदारी म्हणता ती आमच्याच डोक्यावर आहे.

औसा_रोड:
एवढं भांडायचं कशाला? लातुरात होते त्या डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांचं डाएट सोपंय. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदा, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवा. रोज 45 मिनिटं चाला. मधे लागलं तर पातळ ताक चालतं. आंबील म्हणजे ताकच की. दिवसभर प्या.

परभणीकर:
आंबिलीत ज्वारीचं पीठ असतं साहेब. ताक कुठून झालं?

औसा_रोड:
आमच्याकडं पीठ नावालाच घालतात.

तेरणाकाठ:
मग ती आंबील नव्हं, भांडं विसळलेलं पाणी.

औसा_रोड:
ओ, तोंड सांभाळून. अन् परभणीच्या लोकांनी आम्हाला येळवस शिकवू नये. तुमच्याकडं 'ओलगे ओलगे सालम पलगे' म्हणतं का कुणी?

परभणीकर:
माय माझी तुमच्याच लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरची आहे. आजोळच्या रानात आंबील पिऊनच मोठा झालोय. पीठ ताकात कालवून आंबवायचं, वरून लसूण-जिऱ्याचं वाटण. दोन तांबे पोटात गेले की बांधावरच झोप येते. ताकानं अशी झोप येते का सांगा.

निलंग्याचा_पाहुणा:
आम्ही कण्या शिजवून घालतो. पिठाची आंबील घशाला चिकटते.

गोदाकाठचा_शिस्तवाला:
विषय काय, चाललंय काय! बघा, यालाच मी जिभेवर ताबा नसणं म्हणतो. वजनावर लिहिलं तर चार जण धावून आले, आंबिलीवर अख्खा जिल्हा उठला.

तेरणाकाठ:
बरं, हुरड्याचं तुमचं पटलं, अर्धं. हुरडा निमित्तालाच असतो, पोट चटणी अन् शेवेनं भरतं. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी, अन् गप्पांत मूठ कुणी मोजत नाही. पण म्हणून कोपीत मटकी? ते नाही पटत.

गोदाकाठचा_शिस्तवाला:
उपकार झाले. येळवस घ्या तुम्हाला, दिली सोडून. फक्त कोपीतून उरलेली भज्जी घरी नेऊन आठवडाभर गरम करत बसू नका. अन् 'जबाबदारी फोडणीत' म्हणता, तर रोज तेल मोजून घालता का ते सांगा आधी.

माजलगावची_ताई:
त्यांना काय विचारता? घरात तेलाचा डबा कुठं ठेवलाय ते तरी माहितीय का विचारा.

तेरणाकाठ:
ताई, माहितीय. फडताळात, वरच्या फळीवर.

माजलगावची_ताई:
वरच्या फळीवर तेल कोण ठेवतंय?

औसा_रोड:
आमच्याकडं फोडणी मीच देतो, अन् चमच्यानं मोजून. आता एकदा सगळ्यांनी लिहून घ्या, आंबिलीत पीठ नावालाच असतं.