काखेत ९९.४, गनवर ९७.८... बाळाला ताप आहे की नाही?

मिनूची_आई: बाळ ७ महिन्यांचं आहे. संध्याकाळपासून अंग गरम लागतंय, सासूबाई म्हणतात चटका बसतोय. गन थर्मामीटर कपाळावर धरला तर ९७.८, डिजिटल काखेत ९९.४. दूध पितेय, खेळतेय. तापाचं औषध देऊ का?

खानदेशी_तडका: गन फॅनखाली नाहीतर घामेजल्या कपाळावर धरलात तर काहीही दाखवते, तिच्या नादी लागू नका. काखेतलं धरा. काख कोरडी पुसायची, टोक बरोब्बर खड्ड्यात बसवायचं आणि बीप होईपर्यंत हात अंगाशी दाबून ठेवायचा. आणि टोपडं, मोजे, दुपटं असा सगळा जामानिमा असेल तर आधी तो काढा, थोड्या वेळाने परत मोजा.

निशाचर_नर्स: ताप म्हणजे १००.४ आणि वर, सेल्सियसमध्ये ३८. काखेत शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा अर्धा ते एक डिग्री कमी दाखवतं म्हणून ९९.४ वर लक्ष ठेवा पण खेळतेय पितेय तर लगेच औषध नको, संध्याकाळी तसंही सगळ्यांचंच थोडं वाढलेलं असतं. हात लावून अंदाज येतो पण आकडा नाही कळत, उलट ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हा हातपाय गारठलेले असतात आणि पोट कढत. द्यायची वेळ आलीच तर पॅरासिटामॉल वजनावर, एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, आणि ड्रॉप्स आणि सिरपची स्ट्रेंग्थ वेगळी असते, बाटली वाचा!! अॅस्पिरिन लहान मुलांना अजिबात नाही. बाळ ३ महिन्यांच्या आतलं असतं तर १००.४ ला घरी काहीच न करता थेट डॉक्टर. तुमचं मोठं आहे, तरी मलूल झालं, दूध सोडलं, शू कमी झाली, श्वास धापा टाकल्यासारखा वाटला, झटका आला तर आकडा बघत बसू नका, निघा.

मिनूची_आई: दुपटं काढून अर्ध्या तासाने मोजलं, ९८.८. रात्री परत बघते. आता सासरे म्हणतात माझाही मोज, कणकण वाटतेय. जिभेखाली १००.२ आला!

खानदेशी_तडका: चहा पिऊन लगेच मोजला का 😀 अर्धा तास थांबून परत घ्या.

निशाचर_नर्स: वय जास्त असेल तर हसण्यावारी नेऊ नका हं, म्हाताऱ्या माणसांना मोठं इन्फेक्शन असूनही ताप फारसा चढत नाही. बडबड असंबद्ध किंवा धाप वाटली तर आजच दाखवा.