रामेश्वर यात्रा गट : धनुष्कोडीचा अर्धा दिवस कोणी गाळला?

गुरुजी : सर्वांना नमस्कार. बंडूभाऊंनी काल रात्री टाकलेल्या सुधारित कार्यक्रमातून रामेश्वर बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीचा अर्धा दिवस गाळला असून त्या जागी शंख-शिंपल्यांची खरेदी आलेली दिसते. हा बदल कोणाला विचारून केला, ते कळल्यास बरे होईल. तिरुपतीच्या खेपेला काय झाले, ते मी येथे उगाळत नाही.

बंडूभाऊ : गुरुजी, आदर राखून सांगतो. १९६४ च्या चक्रीवादळापासून धनुष्कोडीला गाव नाही, रूळ नाहीत आणि स्टेशनाच्या नावाने चार भिंती उरल्या आहेत. तेवढ्यासाठी वयस्कर मंडळींना भर उन्हात वाळू तुडवायला लावणे मला पटले नाही. बंद पडलेली रेल्वेच पाहायची असेल, तर दारव्ह्याला आपली शकुंतला आहे.

सुमनकाकू : सेतूची वाळू तिथूनच घ्यायची असते आणि ती प्रयागला नेऊन सोडायची असते. ती काय शंखांच्या दुकानातून विकत घ्यायची?

पोस्टमास्तर काका : अंधार पडल्यावर धनुष्कोडीत थांबू देत नाहीत. वेळ ठरवताना हे लक्षात असू द्यावे.

गुरुजी : वाळू तुडवण्याचा प्रश्नच उरलेला नाही. पूर्वी रेतीतून जीपने जावे लागे, परंतु २०१७ पासून अरिचलमुनईच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. राहिला चार भिंतींचा मुद्दा. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून निघणारी बोट मेल ही गाडी रामेश्वर बेटावर नेणारा पांबनचा समुद्रपूल ओलांडून थेट धनुष्कोडीच्या धक्क्यावर जात असे, प्रवासी तेथे उतरून आगबोटीत बसत, पलीकडे तलैमन्नारला सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, गाडी पकडत आणि हा सगळा प्रवास मद्रास ते कोलंबो अशा एकाच तिकिटावर होत असे. इर्विन आणि गोशेन या आगबोटीसुद्धा साउथ इंडियन रेल्वेच्याच होत्या. पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. त्याआधी हीच वाहतूक तुतिकोरीनहून चालायची आणि समुद्रप्रवास कितीतरी लांबचा पडायचा. त्या काळी पांबनहून मुख्य मार्ग धनुष्कोडीला जात असे आणि रामेश्वर हा नुसता फाटा होता, एवढे ध्यानात घेतले तरी त्या भिंतींकडे पाहण्याची दृष्टी बदलेल.

विक्की (पुणे) : एक संदेश पुढे पाठवत आहे. धनुष्कोडीला ओहोटीच्या वेळी बुडालेल्या गाडीचे डबे आजही दिसतात म्हणे. 😱😂

गुरुजी : विक्की, २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री त्या वादळात पांबनहून निघालेली ती पॅसेंजर धनुष्कोडीच्या तोंडाशी आली असताना लाटेखाली गेली आणि तिच्यातली शंभरावर माणसे गेली. अशा घटनेवर हसरे चेहरे टाकून वाटेल ते पुढे ढकलू नये.

विक्की (पुणे) : गुरुजी, मी फक्त आलेला संदेश पाठवला. या गटावर काहीही टाकले की प्रश्नपत्रिका का निघते?

बंडूभाऊ : 😄

रामराव (रेल्वे, निवृत्त) : थोडे मलाही बोलू द्या, आयुष्य रुळावर गेले आहे. बंडूभाऊ, शकुंतलेचे नाव काढलेच आहे म्हणून सांगतो, की तुलना वाईट नाही, फक्त उलटी बसली आहे. किलिक निक्सन कंपनीने आपली अडीच फुटी लाइन वऱ्हाडच्या कापसासाठी टाकली. मूर्तिजापूरला गाठी हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीत चढत, कारण गेज बदलत होते. धनुष्कोडीलाही अदलाबदलच होती, पण ती माणसांची आणि गाडीतून बोटीत. इकडचे रूळ मीटर गेजचे, तर लंकेतले आपल्या मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीसारखे साडेपाच फुटी. त्यामुळे डबे बोटीवर चढवून पलीकडे नेले असते, तरी तिथे धावले नसते. असे स्टेशन म्हणजे नुसती छपरी नव्हे. सोबत कस्टम, पोस्ट, तारघर, दवाखाना हे सगळे लागते आणि ते सगळे तिथे होते.

पोस्टमास्तर काका : तिथल्या पोस्टाचेही अवशेष आहेत. मात्र अंधार पडल्यावर थांबू देत नाहीत.

सरपंचताई : काका, हे आम्ही वाचले. रामरावजी, एवढे मोठे स्टेशन एका रात्रीत कसे गेले? बांधकाम कच्चे होते का?

बंडूभाऊ : ठेकेदार आपल्याच तालुक्यातला असावा.

सरपंचताई : बंडूभाऊ, रोख कोणाकडे आहे ते कळते. ग्रामपंचायतीचा विषय ग्रामसभेत मांडावा.

रामराव (रेल्वे, निवृत्त) : कच्चे म्हणता येणार नाही. मी नोकरीत असताना जाऊन आलो आहे. तिथल्या चर्चची भिंत हात लावून पाहण्यासारखी आहे. समुद्रातल्या प्रवाळाचे चिरे आहेत, पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र, आणि मधला चुना अजून धरून आहे. छप्पर, दारे, चौकटी गेल्या; जाड भिंती राहिल्या. पांबनच्या पुलाचेही तसेच झाले. सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्राने उचलून नेले, पण दगडी खांब बहुतेक जागेवर होते आणि मधला उचलता गाळाही टिकला. म्हणून तर रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांना तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा करता आला. वाहून गेलेले गर्डर समुद्रातून काढून परत बसवले होते. धनुष्कोडीला मात्र पायाखाली नुसती रेती, एका अंगाला बंगालचा उपसागर आणि दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात. लाट आली तेव्हा मागे सरायला जमीनच नव्हती. सरकारने ते गाव राहण्यास अयोग्य ठरवले आणि रूळ पुन्हा पडले नाहीत. २०१९ मध्ये नव्या मार्गाची पायाभरणी झाली, तेवढीच.

गुरुजी : बोट मेलचे नाव आणि फाट्यावरचे रामेश्वर एवढे मागे उरले. खरे टोक गेले आणि फाटा टर्मिनस झाला. बंडूभाऊंच्या कार्यक्रमाचेही नेमके तेच झाले आहे.

बंडूभाऊ : टोमणा पोहोचला. सकाळी आठला धनुष्कोडी, साडेबाराला परत, शंखांची दुकाने मंदिराच्या वाटेवर जमतील तशी. काकूंनी वाळूसाठी डबा स्वतःचा आणावा; तिरुपतीला माझा गेला तो अजून मिळालेला नाही.

सुमनकाकू : तो डबा तुमच्या मेहुण्याकडे आहे. त्याबद्दल मी वेगळा संदेश करते.

पोस्टमास्तर काका : सकाळची वेळ योग्य. अंधार पडल्यावर

सरपंचताई : काका. 🙏

विक्की (पुणे) : रामराव आजोबा, आपली गाडी त्याच जुन्या पुलावरून जाणार का? या वेळी खरेच विचारतो आहे.

रामराव (रेल्वे, निवृत्त) : नाही. जुना २०२२ च्या डिसेंबरपासून बंद आहे, नवा ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. जुन्याचा शेर्झर पद्धतीचा मधला गाळा दोन झडपांसारखा वर उघडत असे आणि माणसे दांडे फिरवून तो उघडत. नव्यातला ७२.५ मीटरचा गाळा यंत्राने १७ मीटर सरळ वर जातो. नवा पूल जुन्याच्या शेजारीच आहे, त्यामुळे जुना अजून काढला नसेल, तर नव्यावरून जाताना खिडकीतून दिसेल. गुरुजींना खिडकी द्या. मला दारापाशी उभे राहू द्या.

बंडूभाऊ : दारात कोणीही उभे राहणार नाही. खिडक्या चिठ्ठ्या टाकून.