हाय-८ च्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना आवाज पुढेमागे होतोय

प्रश्न:
कपाटात हाय-८ च्या (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) चौदा कॅसेट सापडल्या, लेबलांवर बाबांचं अक्षर, आणि त्यांचा आवाज आता फक्त यातच उरलाय म्हणून नीट उतरवून एडिट करायच्यात. कॅमेरा चालू आहे. पिवळ्या वायरने यूएसबी कॅप्चर स्टिकला (व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेणाऱ्या) जोडला, चित्र येतं पण अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, शिवाय कोणी हललं की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. स्टिक खराब आहे का?

उत्तर १:
स्टिक खराब असेलच असं नाही. जुनी टेप एकसारख्या वेगाने फिरत नाही, सिग्नल डगमगतो आणि मग स्टिक मधल्या फ्रेम गाळते, आवाज मात्र चालूच राहतो म्हणून फरक वाढत जातो. कॅमेऱ्याच्या मेनूत टीबीसी (टाइम बेस करेक्टर, डगमगणारा सिग्नल सरळ करतो) आहे का बघा, हाय-८ च्या काही मॉडेलमध्ये असतो, असेल तर ऑन करा. आणि पिवळी वायर काढून एस-व्हिडिओची वायर लावा, त्यात रंग आणि उजेड वेगळे येतात, फरक लगेच दिसेल. रेघांचं टेन्शन घेऊ नका, पॅलमध्ये (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येकीत दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, त्याच्याच त्या रेघा. कॅप्चर आहे तसंच ठेवा, डीइंटरलेस (म्हणजे त्या रेघा घालवणं) शेवटी करा आणि ५० फ्रेमवर करा, २५ वर केलंत तर हालचालीतला मऊपणा जातो.

उत्तर २:
डिजिटल-८ चा (हाय-८ नंतर आलेला डिजिटल प्रकार) कॅमेरा कोणाकडे मिळाला तर बघा, त्यातले काही मॉडेल हाय-८ वाजवतात (सगळे नाही, आधी खात्री करा) आणि फायरवायरमधून (कॉम्प्युटरला जोडायची डिजिटल वायर) थेट डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ देतात, ७२० बाय ५७६, तासाला साधारण १३ जीबी. चित्र आणि आवाज एकाच स्ट्रीममध्ये येतात त्यामुळे ही भानगड सहसा होत नाही. कॉम्प्युटरला फायरवायर पोर्ट लागेल.

उत्तर ३:
सगळ्यात आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरी बुरशी असेल तर ती कॅमेऱ्यात घालूच नका, हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटलाही लागते. चांगल्या असतील त्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मग प्ले करा. आणि उतरवून झाल्यावर कॅसेट टाकू नका हो.

प्रश्नकर्ता:
टीबीसी मेनूत होता, ऑफ होता! एस-व्हिडिओ लावून पहिली कॅसेट पूर्ण घेतली, एकही फ्रेम गळली नाही. शेवटी बाबा टाळ्या वाजवत ताईला नाचायला लावतात, तिथे टाळी आणि आवाज अगदी बरोबर जुळतोय.