घरचा फ्रिज: बसवणं, बिघाड आणि स्पेअर पार्ट, तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात आईचा फ्रिज बंद पडला. साताऱ्याचं घर, २००७ साली घेतलेला सिंगल डोअर. आतला दिवा लागत होता पण गार काहीच होत नव्हतं, आणि दर तीन-चार मिनिटांनी मागून टक् असा आवाज यायचा. मेकॅनिक आला, दोन मिनिटं मागे वाकून बघितलं आणि म्हणाला काकू कॉम्प्रेसर गेला, साडेसहा हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. आई फोनवर रडवेली झाली, कारण बाबांनी रिटायर झाल्यावर घरासाठी घेतलेली ती शेवटची मोठी वस्तू होती.

शनिवारी गेलो. आधी प्लग काढला. कॉम्प्रेसरच्या एका बाजूला छोटं काळं झाकण असतं, ते क्लिप काढली की निघतं, आत रिले (मोटर सुरू करून देणारा पार्ट) आणि ओव्हरलोड (मोटरवर ताण आला की वीज तोडणारा). रिले काढून कानाशी हलवला तर खुळखुळ वाजला. चांगल्या पीटीसी, म्हणजे आत चकती असलेल्या रिलेत काही वाजत नाही, आतली चकती फुटली की तुकडे वाजतात. मग मल्टिमीटरने कॉम्प्रेसरच्या तीन पिना तपासल्या, दोन-दोन पिनांच्या तीन जोड्या, त्यातल्या दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी आली म्हणजे वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) शाबूत, आणि पिन ते बॉडी काहीच दाखवलं नाही म्हणजे शॉर्टही नाही. जुना रिले खिशात घालून दुकानात गेलो, तसाच दुसरा घेतला, १८० रुपये. लावला आणि फ्रिज चालू झाला. आईने लगेच दुधाचं पातेलं आत ठेवलं.

म्हणून विचारतो. तुमच्याकडे काय बिघडलं, मेकॅनिक काय म्हणाला आणि शेवटी काय निघालं, पार्ट कुठे मिळाला, किती लागले? नवीन फ्रिज बसवताना काय अडचणी आल्या तेही सांगा. कोणाचा तरी चालता फ्रिज भंगारात जायचा वाचेल.

*

आमचा डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, पुणे. वर आइस्क्रीम दगडासारखं आणि खाली दूध नासतंय, असं पंधरा दिवस चाललं होतं. पहिले आले ते म्हणाले गॅस कमी झालाय, २,८०० रुपये. मला पटेना, गॅस कमी असेल तर वर तरी एवढं गार कसं होईल? मग माझ्या दिरांनी सांगितलं की वहिनी फ्रिज पूर्ण रिकामा करा, बंद करा, दोन्ही दारं उघडी ठेवून एक अख्खा दिवस जाऊ द्या. तसं केलं, फरशीवर केवढं पाणी आलं, जुने टॉवेल पुरेनात, पण परत लावल्यावर खालीसुद्धा छान गार व्हायला लागलं आणि बरोब्बर सहाव्या दिवशी परत तेच. तिथेच कळलं की गॅस ठीक आहे, डिफ्रॉस्ट होत नाहीये. फ्रीझरच्या मागच्या पॅनलच्या आत कॉइल असते, तिच्यावर बर्फाची भिंत तयार होते आणि पंख्याची हवा खाली पोचतच नाही.

बर्फ वितळवणारा हीटर, बायमेटल (तापमानावर चालणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) असे तीन पार्ट एकाच लाइनमध्ये असतात, त्यातला एक जरी गेला तरी बर्फ वितळत नाही. एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. बायमेटल बाहेर काढून मीटर लावला तर तो तुटलेला दाखवतो, म्हणून लोक खराब समजून टाकून देतात, पण तो थंडीतच जोडला जातो, नेहमीच्या तापमानाला तुटलेलाच असतो. बर्फाच्या पाण्यात नाही, पार बर्फात दाबून ठेवून बघायचं. आमचा फ्यूज उडाला होता. पासोड्या विठोबाजवळ तपकीर गल्लीत विचारत विचारत गेलो, दोन दुकानांनी मॉडेल नंबर नाही म्हणून परत पाठवलं, तिसऱ्याने हातातला जुना पार्ट बघून बायमेटल आणि फ्यूज दोन्ही दिले, मिळून ३४० रुपये. तीन वर्षं झाली, एकदाही परत बर्फ साचला नाही.

*

वरच्या ताईंनी मॉडेल नंबरचं लिहिलंय म्हणून सांगते, तो स्टिकर बहुतेक वेळा आत भाजीच्या ट्रेच्या बाजूच्या भिंतीवर नाहीतर मागे असतो. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आमचा पुसट होऊन गेला होता, दारातले बाटल्यांचे कप्पे मिळवायला चार महिने लागले.

*

नागपूरहून लिहितोय, बसवण्याबद्दल. बदली झाली तेव्हा टेम्पोवाल्याने फ्रिज आडवा टाकून आणला आणि मी घाईत घरी येताच सुरू केला. आडवं केलं की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये जातं, ते परत खाली यायला वेळ द्यावा लागतो. आमचा तासाभरात खर्रर्र करायला लागला, लगेच बंद केला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला तर व्यवस्थित. शक्यतो उभाच आणा, आडवा आणलाच तर मी तरी आता रात्रभर थांबतो.

दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीपर्यंत जातं. पहिल्या घरात फ्रिज दोन भिंतींच्या कोपऱ्यात अगदी चिकटवून ठेवला होता, दिवसभर मोटर थांबायचीच नाही. चार बोटं मागून आणि दोन्हीकडून मोकळी सोडली, वरची चादर काढली, आणि मोटर अधूनमधून थांबायला लागली. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतूनच जातात, त्यामुळे बाजू तापते, घाबरू नका, पण त्या बाजूला हुक लावायला भोक मात्र चुकूनही पाडू नका. पुढचे दोन पाय फिरवून पुढची बाजू किंचित उंच करा, दार आपोआप लागतं. आणि एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज नको, आमच्या बोर्डाची पिन वितळून काळी झाली होती, रात्री वासाने जाग आली, लहान पोर त्याच खोलीत झोपलं होतं. आता वेगळा सॉकेट, अर्थिंग तपासून घेतलेला.

*

कोल्हापूर. बर्फ काढायला चाकू वापरू नका एवढंच सांगायला आले. बर्फाच्या कप्प्याचा पत्रा म्हणजेच गॅसची वाट असते, ॲल्युमिनियमचा असतो. माझ्या सासूबाईंच्या हातून टोक लागलं, फुस्स आवाज आला आणि संपलं. नवीन कप्पा आणि गॅस मिळून ४,२०० रुपये. त्या बिचाऱ्या आठवडाभर जेवल्या नाहीत नीट. डिफ्रॉस्टचं बटण दाबून तीन तास थांबलं की काम होतं.

*

मी स्वतः मेकॅनिक आहे, सांगली भागात बावीस वर्षं फ्रिज आणि एसीचं काम करतो. वर वाचून वाईट वाटलं आणि खरंही वाटलं.

गॅस संपत नसतो. फ्रिजचा गॅस बंद नळीत फिरत असतो, तो गाडीच्या पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. म्हणून गॅस भरायचा म्हणणाऱ्याला पहिलं हे विचारा, लीक कुठे सापडला? दाखवा म्हणा. साबणाच्या फेसाने बुडबुडा दिसतो. लीक बंद न करता भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत जातो. प्रत्येक वेळी गॅसची लाइन उघडली की ड्रायर (नळीतला ओलावा धरणारा फिल्टर) बदलायचा, पंपाने अर्धा तास व्हॅक्यूम ओढायचा, मग काट्यावर मोजून गॅस. एवढं कोण करतंय ते बघत उभं राहा, चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. कॉम्प्रेसरवर किंवा मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव असतं. आर-१३४ए जुन्या मॉडेलमध्ये, आता घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए. ओझोनला धोका म्हणून आर-१२ गेला, भारतात २०१० पासून त्या जातीचे सगळे सीएफसी गॅस बंदच झाले. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच घराण्यातला. फ्रिजमध्ये तो चाळीस-पन्नास ग्रॅमच असतो, पण बंद स्वयंपाकघरात लाइन न रिकामी करता नळ्या जोडायची गॅसबत्ती लावली तर भडका उडतो. माझ्या ओळखीच्या पोराचा हात भाजला तसाच. रिले, फ्यूज, रबर हे तुम्ही घरी जरूर बदला, प्लग काढून. पण नळीला हात लावू नका.

आणि आमचीही बाजू ऐका. लोक तीनशे रुपये व्हिजिट द्यायला नको म्हणतात, फॉल्ट शोधायला मात्र दीड तास लागतो. मग काही जण गॅसच्या नावाखाली ते पैसे काढतात. शोधायचे पैसे द्या, खरं सांगणारा माणूस टिकेल.

*

मेकॅनिक दादा, मनापासून आभार. लीक कुठे सापडला हा प्रश्न मी लिहूनच ठेवला. ज्यांच्याकडे टक् टक् आवाज येतो त्यांनी रिलेबरोबर व्होल्टेजही बघावं का?

*

हो, बघाच. गावाकडे संध्याकाळी १६०-१७० व्होल्ट येतात, मोटर उचलतच नाही आणि ओव्हरलोड तोडतो. तसं असेल तर रिले बदलून उपयोग नाही, स्टॅबिलायझर लागेल, आणि तो तीन मिनिटं थांबून चालू करणारा घ्या. लाइट गेल्या गेल्या परत आली तर आतला दाब उतरलेला नसतो, तसाच सुरू केला की मोटरवर ताण येतो.

*

देवगड. आमच्याकडे खाऱ्या हवेने मागच्या लोखंडी नळ्या गंजतात, आठव्या वर्षी कॉम्प्रेसरजवळच्या जोडाला लीक. आता दर पावसाळ्यानंतर मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसून नळ्यांना रंगाचा हात देतो (प्लग काढून, आणि धूळ आधी ब्रशने). कॉम्प्रेसरवरच्या पाण्याच्या ट्रेकडेही बघा, त्यात डासांच्या अळ्या होतात, डेंग्यूच्या तपासणीला येणारे लोक पहिला तोच ट्रे उघडायला लावतात. आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर फ्रिज बिघडलेला नसतो, आत मागच्या भिंतीला एक छोटं भोक असतं ते शेवग्याच्या पानाने म्हणा, कोथिंबिरीच्या काडीने म्हणा, बुजलेलं असतं. कोमट पाणी आणि स्ट्रॉ, झालं.

*

दाराच्या रबराबद्दल कोणी लिहिलं नाही. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा, अलगद सुटली तर तिथे रबर पकडत नाही. चारही बाजूंनी करून बघा. आमच्या (नाशिक) फ्रिजचं मॉडेल बंद झालेलं, कंपनीत गॅस्केट नाही म्हणाले. मग फ्रिजचेच पार्ट विकणाऱ्या दुकानात कळलं की मापाने बनवून देतात, जुनं रबर नेलं, खाचेत बसणारी तीच पट्टी निवडली, कोपरे तिरके कापून गरम करून जोडले, ६५० रुपये. घडी पडलेली होती म्हणून गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून सरळ केली. पण त्याआधी एकदा जुनं रबर साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या ब्रशने धुऊन बघा, चिकट तेलकट थरामुळेही धरत नाही.

*

मी न्यू जर्सीत असते. इथे माणूस नुसता बघायला येण्याचे शंभर डॉलरच्या वर घेतो, म्हणून शिकावंच लागलं. फ्रीझरमधून किरकिर आवाज, दार उघडलं की थांबायचा. दार उघडल्यावर पंखा बंद होतो, म्हणजे आवाज आतल्या पंख्याचाच. खालच्या जाळीच्या मागे घडी करून ठेवलेला कागद सापडला, त्यात वायरिंगचं चित्र आणि टेस्ट कशा करायच्या ते सगळं. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की तो तिथे असतो. मोटरचा पार्ट नंबर टाकून मागवली, चार स्क्रू, एक प्लग.

भारतात परत जाताना इथला फ्रिज नेऊ का असं माझ्या मावसभावाने विचारलं होतं, त्याला नको म्हणाले. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० व्होल्ट होतात, पण ६० हर्ट्झचे ५० होत नाहीत, साधी मोटर हळू फिरते आणि तापते. शिवाय त्याचा पार्ट तिथे कुठे शोधणार?

*

ठाणे. इन्व्हर्टर फ्रिज (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा), सहा वर्षांचा, एका रात्री पूर्ण बंद. कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी म्हणून निवांत होतो, तर गेलं होतं पीसीबी कार्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि त्याला वॉरंटी एकच वर्ष. नवीन कार्ड ७,२०० आणि तेही स्टॉकमध्ये नाही. उघडून बघितलं तर कार्डावर पाल मरून पडलेली, दोन ट्रॅक जळालेले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कार्ड रिपेअर करणारे आहेत, एकाने दीड हजारात करून दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. मागच्या झाकणाच्या फटीला आता बारीक जाळी लावली आहे.

अजून एक, त्या दोन दिवसांच्या घाईत इंटरनेटवर जो पहिला कस्टमर केअर नंबर दिसला त्यावर फोन केला, तो माणूस कंपनीचा नव्हताच, आधी पैसे भरा म्हणाला, बायकोने थांबवलं. नंबर वॉरंटी कार्डवरचाच घ्या. पार्ट देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, मी केली, दहा दिवसांत कंपनीचा फोन आला. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टलही आहे, डिसेंबर २०२२ पासून.

*

मला जरा वेगळं सांगायचंय. वडिलांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, आणि एकदा गोठलं की ते वितळवून वापरायचं नाही, वाया गेलं. आमच्या जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट चिकटला होता, मोटर थांबायचीच नाही, आम्हाला वाटायचं वा काय मस्त गार होतंय. सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फाच्या सुया दिसल्या तेव्हा लक्षात आलं. आठवडाभर त्यांची साखर ३०० च्या वर का राहतेय ते कोणालाच कळत नव्हतं.

थर्मोस्टॅट ४५० रुपयांचा. त्याची तापमान ओळखणारी बारीक नळी जुन्याच्या जागी, कप्प्याला चिकटून तशीच बसवावी लागते, ती सैल राहिली तर परत तोच प्रकार होतो, आमच्याकडे पहिल्यांदा झाला. आता मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर, रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी बघते. आज पाच डिग्री.