पणजोबांची भावंडं शोधण्यात वेळ घालवू का?

वर्षभर वंशावळ करतोय. वडील, आजोबा, पणजोबा असं वर चढत गेलो आणि पणजोबांपाशी गाडी अडकली, त्यांच्या आईचं नावच कुठे मिळत नाही. घरात सांगतात सात भावंडं होती, मला तीन सापडली, त्यातही दोघं एकाच नावाची, चार वर्षांच्या अंतराने. नोंदवणाऱ्याने घोळ घातला असेल का? आणि बाकीची कुठे आपली थेट पूर्वज, मग कशाला शोधायची?

प्रतिसाद १
अरे तोच तर रस्ता आहे! आई सगळ्यांची एकच ना, मग तिचं नाव पणजोबांच्या कागदावर नसलं तरी धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या दाखल्यावर निघू शकतं. मूलबाळ नसलेल्या भावाचं मृत्युपत्र मिळालं तर लॉटरीच, त्यात भाचे-पुतणे नावानिशी असतात. आणि एकाच नावाची दोघं म्हणजे बहुतेक घोळ नाही, पहिलं मूल गेलं की तेच नाव पुढच्याला ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. त्या चार वर्षांत मृत्यूची नोंद शोध, पण ती मिळेपर्यंत दोघांना एक करू नकोस. मी केलं होतं, सहा महिने भलत्याच माणसाची नातवंडं गोळा करत बसलो.

प्रतिसाद २
सात हा आकडा तपासता येतो, कुटुंब कुठलं त्यावर आहे. इंग्लंड-वेल्सच्या १९११ च्या जनगणनेत लग्न झालेल्या बाईला किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली असं विचारलंय, अमेरिकेत १९०० आणि १९१० ला किती झाली नि किती हयात. नाहीतर जन्मसालं ओळीने लिही, दर दोन वर्षांनी मूल आणि मध्येच पाच वर्षं कोरी दिसली की तिथेच शोध.

प्रतिसाद ३
बहिणी लग्नानंतरच्या आडनावामुळे हरवतात. भावांच्या लग्नातले साक्षीदार बघ, त्यात बरेचदा मेव्हणा सापडतो. म्हातारी आई शेवटी लेकीकडे राहत असेल तर जनगणनेत ती जावयाच्या घरात ‘सासू’ म्हणून असते, हे कुणी बघतच नाही.
डीएनए करणार असशील तर स्वतःची नको, वडिलांची कर. पणजोबांच्या भावंडाच्या नातवाशी वडिलांचा सरासरी ३ टक्के डीएनए जुळतो, तुझा त्याच्या पुढच्या पिढीशी जेमतेम पाऊण टक्का, कधी शून्यसुद्धा.

मूळ प्रश्नकर्ता
साक्षीदार मी वाचलेच नव्हते! आत्ता उघडलं, पणजोबांच्या लग्नात एक अनोळखी आडनाव आहे. ह्याच्या बायकोचा शोध घेतो.